माळा करू की इन्शुरन्स काढू?

सांगलीत मारुती रोडला कपड्याचा गाळा भाड्याने घेतलेल्या मित्राने विचारलं, चाळीस हजार हातात आहेत, पुराच्या भीतीने माल वर ठेवायला दुकानात माळा करू की इन्शुरन्स काढू. आधी बघ बाबा तुझी नदी किती वेळ देते. कृष्णा हळू चढते, कोयनेतून विसर्ग वाढला की बातमी येते, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती ते सगळे मोबाईलवर बघत बसतात, 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, म्हणजे माल वर चढवायला निदान एखादा दिवस तरी मिळतोच. चिपळूणला तसं नाही, 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी पहाटे बाजारपेठेत घुसलं, दुकानापर्यंत पोचणार कोण? तिथे माझं मत सरळ इन्शुरन्सला.

माळ्याचं माझंच सांगतो. भिंतीवर 2005 च्या पाण्याची खूण होती, तिच्या दीड फूट वर अँगल ठोकून प्लायचा माळा केला, एकदम हुशारीत होतो. 2019 ला आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. प्लाय फुगून वाकला, खालच्या थरातले शर्टाचे बॉक्स चिखलात गेले, वरचे वाचले म्हणून खूश झालो तर आठ दिवस बंद शटरमागे राहून पांढऱ्या शर्टांवर बुरशीचे काळे ठिपके, ते कोण घेणार. तरी माळा वाया नाही, 2021 ला तोच अजून वर चढवला होता म्हणून बराच माल वाचला. ऐनवेळी टेंपोने हलवू म्हणशील तर त्या दिवशी शहराच्या उंच भागात, विश्रामबागपर्यंत तिप्पट भाडं मागतात, आणि तेही टेंपो मिळाला तर. आणि गाळा भाड्याचा, तेव्हा अँगल वेल्डिंग न करता नटबोल्टवर घे, सोडताना काढून नेता येतील.

आता इन्शुरन्स. दुकान आणि माल मिळून 5 कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी एप्रिल 2021 पासून आहे, त्यात पूर धरलेलाच असतो. आमच्या शेजाऱ्याच्या जुन्या फायर पॉलिसीत हप्ता कमी बसावा म्हणून पूर वगळलेला होता, हे त्याला कळलं नुकसान मोजणारा सर्व्हेअर दारात आल्यावर! दुसरी गोम म्हणजे रक्कम. माल 20 लाखांचा आणि विमा 10 चा असेल तर नुकसान 4 लाखांचं झालं तरी हातात साधारण 2 च येतात. नव्या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून देतात, पण श्रावणापासून दिवाळीचा माल भरतोस तो धरूनच रक्कम लिही. बिलं आणि स्टॉक रजिस्टरचे फोटो मेलवर टाकून ठेव, माझी फाईल लगदा झाली होती. मालावर बँकेचं कर्ज, म्हणजे कॅश क्रेडिट, असेल तर क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जातात, ते तुझ्या गल्ल्यात येणार नाहीत.

सरकारी मदतीवर तर अजिबात बसू नकोस, 2021 ला दुकानदाराला जास्तीत जास्त 50 हजार होते, टपरीला 10 हजार.

तुझ्या जागी मी असतो तर आधी इन्शुरन्स, दुकानाचा हप्ता काही हजारांत बसतो, आणि उरलेल्यात माळा, तोही 2019 च्या खुणेच्या वर. आणि जुलै लागला की खालच्या रॅकला फक्त हँगर आणि रिकामे बॉक्स ठेव.