गोष्ट पाठ करावी की मुद्द्यांवरून सांगावी?

स्वतःवर गुदरलेला प्रसंग लोकांपुढे सांगायचाय, पण शब्दन् शब्द घोकावा की चार मुद्दे डोक्यात ठेवून उभं राहावं, यावर अडलेल्यांसाठी हे.

मेहनत पाठांतराला जास्त, हे उघडच आहे. पण मुद्द्यांवरून सांगणं फुकटात येत नाही. मोठ्याने बरेचदा सांगून बघावं लागतं, नाहीतर पाल्हाळ ठरलेलं. वेळ पाळण्यात मात्र पाठांतर सरळ जिंकतं.

खरा फरक कळतो चुकल्यावर. पाठ केलेलं एक वाक्य निसटलं की नजर छताकडे जाते आणि पुढचं सगळं अडतं. मुद्देवाला "मग डॉक्टर बाहेर आले" एवढं धरून पुढे सरकतो. शब्द बदलले तरी कुणाला पत्ता लागत नाही. हशा पिकला तर थांबताही येतं.

भाषेचंही तेच. लिहिताना "मी अत्यंत भयभीत झालो" उतरतं, बोलताना "माझी तंतरली". लोक हसतात ते दुसऱ्या वाक्यावर! न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या 'द मॉथ' या कथाकथन संस्थेच्या मंचावर खऱ्या गोष्टी हातात कागद न घेता सांगतात, पण कागद नसणं म्हणजे घोकंपट्टी नव्हे.

मिनिटं मोजणारी स्पर्धा, रेकॉर्डिंग किंवा सवय नसलेली भाषा असेल तर पाठ करा. वर्ग, मित्रमंडळी, ऑफिसची टीम यांच्यापुढे मुद्देच बरे. फारच घाबरत असाल तर पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ ठेवा, मधलं मोकळं सोडा.