ह्यू थॉमसनच्या चित्रांचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस': काही महिने वापरल्यावर

हौशी नाटकांची वेशभूषा करते. जेन ऑस्टेनच्या याच कादंबरीवरची एकांकिका बसत होती, म्हणून हे पुस्तक मागवलं. मूळ आवृत्ती लंडनच्या जॉर्ज ॲलनची, १८९४ची. मुखपृष्ठावरच्या सोनेरी मोरामुळे तिला 'पीकॉक एडिशन' म्हणतात. माझी प्रत म्हणजे अलीकडचं कागदी बांधणीतलं पुनर्मुद्रण. आत थॉमसनची १६० रेखाचित्रं.

कपडे बेतायला यावर विसंबू नका. कादंबरी १८१३ची, चित्रं तिच्यानंतर ऐंशी वर्षांनी काढलेली. छातीखाली आलेली कंबर, तिथून सरळ सुटलेला झगा, हनुवटीखाली बांधायची बॉनेट टोपी, पुरुषांचे मागे शेपटं असलेले कोट, सगळं दिसतं. पण चुण्या कुठून घातल्यात, बाही कशी जोडलीय, हे शाईच्या रेघेत कळत नाही. आणि त्या काळाची खरी गंमत कापडातच होती! भारतातून गेलेली झिरझिरीत मलमल, वर काश्मिरी शाल. झगे इतके तलम की आत बांधायचे खिसे बाहेरून दिसायचे, म्हणून हातात रेटिक्यूल नावाची चिमुकली पिशवी आली. ही माहिती मला दुसरीकडून गोळा करावी लागली. तरी बेंटली या प्रकाशकाच्या १८३३च्या सचित्र आवृत्तीपेक्षा थॉमसन परवडला; तिथे नायिकेला चक्क १८३०च्या फॅशनच्या फुगीर बाह्या चढवल्यात.

पैसे वसूल झाले ते तालमीत. आमची मंडळी उभी राहणार खांदे पाडून, एका पायावर भार देऊन. त्यांना चित्रं दाखवली. नाचाच्या दालनात कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण कुणाकडे पाठ करतंय, यावरूनच मानपान कळतो. नायिकेचा पाद्री नातेवाईक मिस्टर कॉलिन्स ओळख करून दिलेली नसताना श्रीमंत नायक डार्सीशी जाऊन बोलतो, हा त्या समाजात केवढा आगाऊपणा! आपल्या प्रेक्षकाला तो संवादातून पोचत नाही. शेवटाकडच्या चित्रातलं कॉलिन्सचं लाचार अगत्य पाहून आमच्या नटाने वाकणं थोडं जास्त, थोडं लांबवलेलं ठेवलं आणि पहिल्याच प्रयोगात हशा मिळाला.

छपाईबद्दल मात्र तक्रार आहे. बारीक रेघा एकमेकींत मिसळून चेहरे काळवंडलेत, पानंही सुटायला लागलीत. घेण्याआधी आतली दोन-तीन पानं बघाच. हीच चित्रं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. तालमीला मी आता त्यांचे प्रिंट नेते.