सूतगिरणीतली नोकरी : पगार टायमावर, पण आजारी पडू नका भाऊ

वर्धा जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमले, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर, ६ वर्षं काढली. आता पुन्हा भरती निघाली तं गावातली पोरं रोज विचारून राहिली, कशी आहे गिरणी? पगार ७ तारखेच्या आत, बस फाट्यापर्यंत येते, कँटीनचं वरण पाणीच पण गरम असते. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापते, पगाराच्या पाऊण टक्का. इथवर ठीक.

२०२३ मध्ये पोळा झाला अन् मले डेंग्यू झाला. प्लेटलेट १८ हजार, सरळ ॲडमिट. चौथ्या दिवशी बायकोनं ईएसआय दवाखान्याचं सर्टिफिकेट टाइम ऑफिसात नेऊन दिलं, बाबूनं ठेवून घेतलं पण पोच दिली नाही अन् तिनं मागितलीही नाही, तिथंच फसलो. घरी आलो, खाटेवर बसून मोसंबी सोलून राहिलो होतो तं पोस्टमन गिरणीचं रजिस्टर पत्र घेऊन दारात. विनापरवाना ११ दिवस गैरहजर, कामावरून कमी का करू नये, ४८ तासांत खुलासा द्या! इथं संडासले जायचं तं भिंत धरा लागे. बाबूले फोन लावला तं म्हणे हजेरीची मशीन ए, म्हणजे ॲबसेंट, दाखवते, मी काय करू. मशीनले काय माहीत बाप्पा मी सलाईनवर आहो का बैलं सजवून राहिलो.

२१ दिवसांनी फिट सर्टिफिकेट घेऊन गेलो तं वॉर्निंग लेटर तयार, हजेरी बोनसचे ५०० पण कापलेले.

मंग आमच्या खात्यातल्या एका जुन्या माणसानं सांगितलं, ईएसआयच्या तेव्हाच्या कायद्याचं कलम ७३ पाय. दवाखान्याच्या सर्टिफिकेटवर आजारी असताना मालकाले काढता येत नाही, खालच्या कामावर टाकता येत नाही, दुसरी कोणती शिक्षाही नाही, अन् त्या दिवसांत काढल्याची नोटीस दिली तं ती चालतच नाही. अर्ज लिहिला, सगळ्या सर्टिफिकेटच्या झेरॉक्स जोडल्या, यावेळी मात्र आपल्या कॉपीवर आवकचा शिक्का मारल्याशिवाय खिडकीवरून हललो नाही. पंधरा दिवसांनी नोटीस अन् वॉर्निंग दोन्ही मागे. सॉरी वगैरे कोणी म्हटलं नाही, काहून म्हणतील.

ईएसआयचं पाहाल तं पहिले २ दिवस सोडून बाकीचे पगाराच्या ७० टक्के खात्यात आले, त्यात तक्रार नाही.

गिरणीले ५ पैकी २ स्टार. ते ५०० अजून दिले नाहीत.