एल्गॉन चषकाचाच पाच नंबर, पण आपल्या रेगडावर

एल्गॉन चषकात केनियाच्या लायनेसेस आणि युगांडाच्या लेडी क्रेन्स या महिला रग्बी संघांची झुंज मोबाइलवर पाहिली की शाळेच्या पोरींना 'तोच बॉल' पाहिजे असतो. दोन्ही देशांच्या सीमेवर 4321 मीटर उंचीचा एल्गॉन डोंगर आहे, त्याचंच नाव चषकाला. एक सामना केनियात, एक युगांडात, अशी त्याची रीत. बॉल पाच नंबर मापाचा, म्हणजे पुरुषांचाच. बायकांसाठी साडेचार नंबरचा प्रयोग 2024 मध्ये झाला, पण आपल्याकडच्या दुकानात तो मागू नका, दुकानदार तुमच्याकडेच पाहत राहील.

आपल्याकडे मिळतो तो बहुतेक जालंधर-मेरठचा, हाताने शिवलेला, चार पाकळ्यांचा, वरून रबरी दाणे. घेताना टेलरचा टेप सोबत न्या. लांबीच्या अंगाने घेर 740 ते 770 मिलिमीटर, पोटाचा घेर 580 ते 620, वजन 410 ते 460 ग्रॅम. वजन किराण्याच्या काट्यावर होतं. मग बॉल फरशीवर आडवा ठेवून फिरवा. डुगडुगला तर आतलं ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, एका बाजूला बसलंय, असा बॉल पास करताना हवेत वाकडा जातो. अस्तराचे थर नक्की विचारा. दोन थरांचा बॉल स्वस्त, पण हंगाम संपायच्या आत पोटात फुगतो आणि पोरींच्या हातात मावत नाही. तीन किंवा चार थर घ्या. चौदाच्या आतल्या पोरींना मात्र चार नंबरच द्या. लहान हाताला पाच नंबर दिला की पोरगी बॉल छातीशी कवटाळते, आणि मग बोटांनी फिरकी देऊन पास करायची सवय लागतच नाही.

आता खरी गोची, आपली जमीन. नैरोबी-कंपालाला सामने गवतावर होतात. इथे पावसाळ्यात रेगडाची चिकट माती दाण्यांच्या फटीत बसते आणि बॉल साबणासारखा निसटतो. खेळ संपला की लगेच ओल्या फडक्याने पुसा, जुन्या टूथब्रशने दाणे मोकळे करा, सावलीत वाळवा. माती वाळू दिली तर ती शिवणीत घुसून दोरा घासते. शिवण आधी उसवते ती टोकाला, कारण बॉल टोकावरच जास्त आपटतो. रॉकेल-पेट्रोलने पुसायचा मोह आवरा, रबर मऊ पडतं.

दुसरा शत्रू बाभळीचा काटा आणि सराटा. खेळाआधी ओलं पोतं मैदानावर ओढत न्या, सराटे त्याला चिकटून येतात. धुऱ्याकडच्या टोकाला पोतं दोनदा फिरवा. काटा ब्लॅडरपर्यंत गेलाच तर सायकलच्या पंक्चरसारखं वरून ठिगळ लावून भागत नाही. शिवण उघडून ब्लॅडर काढावं लागतं. ब्यूटाइल रबराचं ब्लॅडर हवा जास्त दिवस धरतं, लॅटेक्सचं रोज-दोन रोजात मऊ पडतं.

हवेचं गणितही आपल्या उन्हामुळे बदलतं. नियमाने दाब 9.5 ते 10 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). मे महिन्यात 40 अंशाला 9.5 भरलेला बॉल डिसेंबरच्या सकाळी 15 अंशाला आपोआप साडेसातवर येतो. उलट, थंडीत भरून उन्हात टाकला तर दगड होतो, शिवणीवर ताण येतो. दाब मोजायचं गेज नसेल तर अंगठ्याने मधोमध दाबा. थोडासाच आत गेला पाहिजे.

एकंदर चार थरांचा, ब्यूटाइल ब्लॅडरचा बॉल असेल तर पैसे वसूल. मशीनने चिकटवलेला स्वस्त बॉल फक्त उन्हाळ्याच्या सरावाला ठीक, पहिल्याच पावसात पाकळ्या सुटतात.

बॉलसोबत हवा भरायची सुई एकच येते, चार घ्या. कोरडी सुई खुपसली की व्हॉल्व्हचं रबर फाटतं आणि मग हवा टिकतच नाही. ग्लिसरीनचा एक थेंब लावा, सरळ घाला, काढतानाही सरळच.