कॅम घेतलं, तरी टर्निंगचे प्रोग्राम हातानेच: वर्षभराच्या वापरानंतर

भोसरीत आमचं जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलची दोन टर्निंग सेंटर (प्रोग्रामवर चालणारे लेथ) आणि एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन). पूर्वी मशीनचे प्रोग्राम, म्हणजे जी-कोडच्या ओळी, वहीत लिहून पॅनेलवर टाइप व्हायचे. फ्युजन हे कॅम, म्हणजे ड्रॉइंगवरून असे प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर, घेतल्याला आता वर्ष होत आलं, म्हणून डेमोत कळत नाहीत त्या गोष्टी लिहितोय.

व्हीएमसीवर पैसे वसूल झाले, तेही मुख्यतः पॉकेटमुळे, म्हणजे मालात कोरायच्या खोलगट खाचांमुळे. हाताने लिहिताना १० मिमीची एंडमिल (मिलिंगचं कापणारं टूल) अर्धा-अर्धा मिमी खाली घेत पूर्ण रुंदीत फिरवायचो. टोक झिजायचं आणि वरची धार कोरी राहायची. अ‍ॅडॅप्टिव्ह पाथमध्ये, म्हणजे टूलवरचा लोड सारखा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेत, तेच टूल २० मिमी खोल उतरतं, पण बाजूने फक्त १ मिमी खातं. कोपऱ्यात लोड चढत नाही. शिवाय स्टेपओव्हर (बाजूचा घास) इतका कमी ठेवला की चिपची जाडी प्रति-दात फीडच्या (एका दातामागे टूल सरकतं ते अंतर) साधारण ०.६ पटच भरते, त्यामुळे फीड बराच वाढवता येतो. असा पाथ कॅल्क्युलेटर घेऊन कोणी लिहू म्हणेल तर त्याला नमस्कार!

थ्रीडी सरफेसला (वळणदार पृष्ठभागाला) तर कॅमशिवाय पर्यायच नाही. मात्र जुनं मशीन असेल तर आधी एक हिशोब करा. प्रोग्राम चालता-चालता कंप्युटरवरून आरएस-२३२ केबलने येत असेल, तर ९६०० बॉडने (सेकंदाला ९६०० बिट) सेकंदाला नऊशेच्या आसपास अक्षरं जातात. एका ओळीत २० अक्षरं धरली तर ४५ ओळी. प्रत्येक ओळीत टूल ०.१ मिमी सरकत असेल तर फीड मिनिटाला २७० मिमीच्या वर जाणारच नाही, मग प्रोग्राममध्ये १५०० लिहिलेला असो. मशीन थरथरत, अडखळत चालतं आणि दोष सॉफ्टवेअरला मिळतो. मेमरी कार्डवरून चालवा, टॉलरन्स (आकारात चालणारा फरक) गरजेपुरताच बारीक ठेवा, नाहीतर ओळी वाढतात.

टर्निंगला मात्र मी परत वहीकडे आलो. रात्रपाळीत माल कडक निघाला, चॅटर (कापताना थरथर) आला, तर ऑपरेटर जी७१ या, सगळे पास कंट्रोलच काढणाऱ्या, रफिंग सायकलमधला यू (एका पासची खोली) २.० चा १.५ करतो आणि काम पुढे चालू. आमच्या पोस्टमधून (कॅमचा पाथ जी-कोडमध्ये बदलणारी फाइल) तेच रफिंग एकेका पासच्या सुट्या ओळी होऊन बाहेर पडतं. खोली बदलायची म्हणजे कंप्युटर उघडा, पुन्हा पोस्ट करा, कार्ड लावा, आणि तेव्हा प्रोग्रामर घरी झोपलेला. सायकलमध्ये काढायची सोय आहे, पण त्यासाठी पोस्ट तशी बसवून घ्यावी लागते. एम२० गुणिले २.५ चे आटे घ्या: जी७६ या आट्यांच्या सायकलच्या दोन ओळी, एक्स १६.९३ (तळाचा व्यास), पी १५३४ (आट्याची उंची, मायक्रॉनमध्ये), एफ २.५ (पिच). सॉफ्टवेअर सुरू होईपर्यंत सेटरचे आटे कापून होतात. फ्लँजच्या बोल्ट होलचंही तसंच. पीसीडी (भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि भोकांची संख्या व्हेरिएबलमध्ये टाकणारा जुना मॅक्रो आहे, नवीन साइज आली की दोन आकडे बदलायचे.

‘सॉफ्टवेअर म्हणजे नवं खूळ’ म्हणणाऱ्या आमच्या जुन्या फोरमनना एक सांगावंसं वाटतं. एमआयटीने एनसी (आकड्यांच्या आज्ञांवर चालणारं) मिलिंग मशीन १९५२ मध्ये दाखवलं आणि त्याच दशकात तिथे एपीटी ही प्रोग्रामिंगची भाषाही तयार होत होती. म्हणजे हात की सॉफ्टवेअर हे भांडण त्यांच्या नोकरीपेक्षा जुनं आहे.

तरी फोरमनचा एक मुद्दा खरा ठरला. पोस्ट बसवून देणाऱ्याच्या पहिल्या फाइलमध्ये शेवटी झेड (टूलची उंची) वर न घेताच एक्स-वाय होमला निघत होते. आमच्या पोराने सिंगल ब्लॉकवर (एकेका ओळीला थांबत) ओळी वाचत चालवलं म्हणून व्हाइस (माल पकडणारा शिकंजा) वाचला. त्यामुळे जी-कोड वाचता न येणाऱ्या मुलाला मी कॅमवर बसवत नाही.

फ्युजनच्या फुकटच्या पर्सनल लायसन्सवर धंदा करायचा विचार असेल तर सोडा. ते व्यावसायिक कामासाठी नाहीच, आणि २०२० पासून त्यात रॅपिड मूव्ह (कापत नसताना टूल वेगाने सरकवणं) मिळत नाहीत, टूलही आपोआप बदलत नाही. आम्ही व्हीएमसीपुरती एक सीट (सॉफ्टवेअरचं लायसन्स) वार्षिक पैसे भरून घेतलीय. टर्निंगसाठी दुसरी घेणार नाही.