ब्लोअर की कर्दळ?

सोसायटीच्या सांडपाण्यासाठी एमबीबीआर प्लांट (टाकीत प्लास्टिकच्या चकत्या तरंगतात, त्यांवरचे जंतू घाण खातात) बसवावा की कर्दळीचा वाफा (खडीत कर्दळ लावून त्यातून पाणी सोडायचं) करावा, असं अलीकडे दोघा-तिघांनी विचारलं. मी दोन्हींसोबत राहिलोय. आधी कोल्हापुरात कसबा बावड्याकडच्या अपार्टमेंटमध्ये सेक्रेटरी म्हणून एमबीबीआर सांभाळला, आता कळंब्याकडच्या पंचवीस घरांच्या कॉलनीत कर्दळ. इंजिनिअर नाही, हे आधीच सांगतो.

जागेच्या बाबतीत एमबीबीआर जिंकतो, वादच नाही. पार्किंगच्या कोपऱ्यात मावतो. वाफ्याला माणशी एक ते दोन चौरस मीटर धरा. आमच्या शंभर माणसांपायी दीड गुंठा गेला. कोल्हापुरात दीड गुंठा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

तरी मी कर्दळीकडं वळलो, ते एका बटणामुळं. एमबीबीआरचा ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, रात्रंदिवस चालायला हवा. आमच्याकडं पहिल्या मजल्यावरच्या काकांना त्या घरघरीनं झोप लागेना. मग वॉचमनमामा रात्री दहाला बटण बंद करायचे आणि सकाळी सहाला सुरू. बिल वाचतंय म्हटल्यावर कमिटीही गप्प. चकत्यांवरच्या जंतूंना हवा मिळेना, की सकाळी जिन्यात कुजक्या अंड्याचा वास आणि ओढ्याला काळं पाणी. कंपनीचा माणूस येऊन शेणकाला ओतायचा, आठ-दहा दिवसांत पाणी सुधारायचं आणि मग पुन्हा कुणीतरी बटण दाबायचं. दोन वर्षं हेच. प्लांटला दोष देत नाही; नीट चालला तेव्हा बागेला झकास पाणी मिळालं.

शहराचं तरी वेगळं काय? जयंती नाल्याचं पाणी उपसून बावड्याच्या, रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या शुद्धीकरण केंद्रात न्यायचं, अशी सोय आहे. पण उपसा थांबला की नाला सरळ पंचगंगेत. मग ते पाणी इचलकरंजीवरून नृसिंहवाडीला कृष्णेत.

वाफ्यात बंद करायला काही नाही. घाण आधी टाकीत बसते, वरचं पाणी खडीतून मुळांच्या कडेनं सरकतं. आमच्याकडं उतार आहे, म्हणून पंपही नाही. पाणी खडीच्या वरच्या थराखालूनच जातं, त्यामुळं डासांची भीती खोटी ठरली. (ती फुलं देवाला चालतात का, यावर मात्र एक अख्खी मीटिंग झाली. निर्णय व्हायचाय.)

त्रास आहेच. खडी तुंबते आणि आमच्या गावात ती तुंबवतो तांबड्या रश्श्याचा कट. तेल अडवायची जाळी वाफ्याच्या आधी हवीच. पहिल्या वर्षी आम्ही ती टाळली आणि अर्धी खडी उपसून धुतली. कर्दळ वरचेवर छाटावी लागते. अमोनिया एमबीबीआरइतका उतरत नसावा, असं मला वाटतं. पूररेषेत असाल तर दोन्हींचं अवघडच. पण गाळ काढला की कर्दळ पुन्हा फुटते, भिजलेल्या मोटरला मात्र वायंडिंग लागतं.

पाच मजली इमारत आणि मोकळी जागा शून्य असेल, तर एमबीबीआरच घ्या. फक्त ब्लोअरला आवाज दाबणारी पेटी लावा आणि पॅनेलची किल्ली वॉचमनकडं देऊ नका. जागा असेल तर एकदा आमचा वाफा बघून जा. सोमवार तेवढा सोडा. त्या दिवशी जाळी धुतात.