नाकाच्या पडद्याचं ऑपरेशन: साडेसहा महिन्यांनंतर (आणि त्या बाटलीबद्दल)

गेल्या मंगळवारी सकाळी नाक धुवायची बाटली दाबली आणि मिठाचं कोमट पाणी नाकात जायच्या ऐवजी बाहीतून कोपरापर्यंत गेलं. झाकणाचे आटे जिथे संपतात तिथे केसाएवढी चीर. सहा महिने टिकली बया. ऑपरेशनबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं, पण चिडल्याशिवाय माझ्या हातून काही लिहून होत नाही. तर आज झालं.

पडदा वाकडा म्हणजे काय आणि टर्बिनेट म्हणजे काय, हे इथवर आलेल्यांना फार सांगत बसत नाही. कुणाला अजून ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं वाटत असेल, तर एवढंच: बहुतेक वेळा वाढलेलं काही नसतं. मधली भिंत एका अंगाला कललेली असते, आणि तिचा पुढचा भाग तर हाडाचाही नसतो, कूर्चेचा असतो. माझी भिंत डावीकडे कललेली. उजवीकडे जागा मोकळी पडली म्हणून तिथलं टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरची मांसल घडी, फुगून बसलेलं. म्हणजे एक बाजू जन्माची बंद आणि दुसरी तिच्या सोबतीला. पडदा सरळ करणं आणि टर्बिनेट कमी करणं, दोन्ही कामं एकदमच झाली. पूर्ण भूल, तासाभराचं काम, बाहेरून एक ओरखडाही नाही. नाकाचा आकार बदलायचं ऑपरेशन वेगळं. त्यात नाकावर प्लास्टर, डोळ्यांखाली काळंनिळं, महिना-दीड महिना चष्मा नाकावर टेकवायचा नाही, असं बरंच असतं. ते माझ्या वाट्याला आलं नाही.

पहिला दिवस. दुखेल म्हणून मी जीव मुठीत धरून होते, आणि दुखणं पॅरासिटामॉलवर भागलं. (डोकेदुखीसाठी घरात ठेवलेल्या दुसऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. काहींनी रक्त पातळ होतं आणि मग नाक वाहत बसतं.) खरा छळ तोंडाने श्वास घेण्याचा. नाक हवा गाळतं, गरम करतं, ओली करतं, हे शाळेत पाठ केलं होतं. ते काम एक रात्र बंद पडल्यावर जीभ टाळूला चिकटली आणि सोडवताना आवाज आला, तेव्हा धडा समजला. नाकात पॅक (रक्त थांबवायला कोंबलेला बोळा) असताना पाण्याचा घोट घेतला की कानात दडे बसतात. पुढची आणि मागची दोन्ही दारं लावलेली, गिळताना निर्माण होणारा दाब जाणार कुठे? कानांत. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी रात्री दोन वाजता नवऱ्याला उठवून ‘माझे कानपण गेले’ असं म्हटलं नसतं.

झोपायचं अर्धवट बसून, पाठीला उशांचा उतार करून. नाकाखाली मिशीसारखी बांधलेली गॉजची घडी पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बदलावी लागली, तिसऱ्या दिवशी नुसती गुलाबी ओल राहिली. गिळलेल्या रक्ताने मळमळतं, एकदा उलटीही झाली. तीत काळपट गाठी दिसल्या तरी तेच जुनं रक्त असतं, घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी पॅक काढला. हल्ली बरेच डॉक्टर पॅक घालतच नाहीत, आतून टाके घेऊन भागवतात. तुमचे त्यातले असतील तर तुम्ही सुदैवी. आत सिलिकॉनच्या दोन पट्ट्या, स्प्लिंट, एका टाक्यावर बसवलेल्या राहिल्या. त्या सातव्या दिवशी निघाल्या. एवढीशी जागा, आणि त्यातून एवढ्या लांब पट्ट्या निघतात कशा, हे मी अजूनही विचारते.

त्या निघाल्यावर पहिला श्वास आत गेला तो थेट मेंदूला लागल्यासारखा गार. मी खुर्चीतच हसायला लागले. संध्याकाळी घरी येईपर्यंत नाक पुन्हा चोंदलं होतं.

आता बाटली. २४० मिलीची, मऊ प्लॅस्टिकची, वर नळी, सोबत शंभर पुड्यांचं खोकं. स्प्लिंट असेपर्यंत नुसता सलाईनचा फवारा होता, निघाल्यावर दिवसातून दोनदा ही बाटली. वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं, तोंडाने श्वास घेत राहायचं, एका नाकपुडीत हलकेच दाबायचं, दुसरीतून बाहेर. पहिल्यांदा वाटलं की बुडतेय. तिसऱ्यांदा सवय झाली. पाचव्या दिवशी मला पुड्यांची काळजी लागली. दिवसाला दोन म्हणजे खोकं पन्नास दिवसांत खलास! आणि आत काय, तर मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. म्हणून मी एक पुडी दोनदा पुरवायला लागले.

नका करू. अर्धी पुडी घातलेलं पाणी नाकात गेलं तेव्हा पोहताना नाकात पाणी गेल्यावर जी झिणझिणी कपाळात जाते, तीच गेली, फक्त आत ताज्या जखमा असताना. आपल्या शरीरातल्या पाण्याशी मिळतंजुळतं मीठ म्हणजे ०.९ टक्के, लिटरला ९ ग्रॅम. त्याहून फिकं पाणीही चरचरतं आणि फार खारटही. पुडीत ते प्रमाण बसवलेलं असतं, मी ते मोडलं. मग दोन दिवस नाक लाल करून घेऊन मी वजनकाटा काढला आणि घरीच लिटरभर बनवायला लागले. ९ ग्रॅम मीठ, आयोडीन नसलेलं, चिमूटभर सोडा. चमच्याने मोजू नका. बारीक मिठाचा चमचा आणि जाड मिठाचा चमचा यांत फार फरक पडतो. हे उत्तम चाललं, आणि पुड्या कपाटात शिल्लक राहिल्या याचं समाधान वेगळंच.

पाण्यात मात्र काटकसर नाही. नळाचं पाणी थेट नाकात घालायचं नाही, कितीही स्वच्छ दिसो. नेग्लेरिया फॉवलेरी नावाचा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो, आणि मग वाचणारे फार थोडे. क्वचित होतं, पण हा जुगार मी खेळणार नाही. किमान मिनिटभर खळखळून उकळलेलं आणि मग कोमट होऊ दिलेलं पाणी, नाहीतर डिस्टिल्ड. हा ‘कोमट होऊ दिलेलं’ भाग लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बाटलीची एक खोड कुणी सांगत नाही. धुऊन झालं, नाक कोरडं, कपडे करून बाहेर पडलात. दोन तासांनी पडलेलं पेन उचलायला वाकलात की नाकातून नळ सुटतो. सायनसमध्ये अडकलेलं पाणी वाट बघत बसलेलं असतं. माझं ते साहेबांच्या सहीच्या कागदावर पडलं. धुतल्यावर डोकं खाली, डावीकडे, उजवीकडे असं नीट निथळून घ्या.

आता मी तेव्हा फोनमध्ये लिहून ठेवलेलं जसंच्या तसं देते, म्हणजे नंतर शहाणपण सुचलं असं वाटायला नको. विसावा दिवस: ‘पैसे पाण्यात, नाक पाण्यात. आधी एक बाजू तरी चालायची, आता दोन्ही बंद. पाचपैकी दोन, तेही नर्सबाईंसाठी.’

याच काळात ताई भेटायला आली आणि पर्समधून नाक मोकळं करायचे थेंब काढून म्हणाली, “घाल गं दोन थेंब, कशाला कुढतेस?” घातले. पाच मिनिटांत स्वर्ग. पण झायलोमेटाझोलीनचे थेंब तीन-पाच दिवसांपलीकडे नेले की नाक त्यांच्यावाचून उघडायला तयार होत नाही, उलट जास्त चोंदतं. डॉक्टरांनी फोनवर चांगलं सुनावलं. ताईच्या पर्समध्ये ते थेंब वर्षभर फिरतात हे कळल्यावर तिलाही सुनवा म्हणाले.

सूज. सगळा मामला सुजेचा. दोन-तीन आठवडे नाक ऑपरेशनच्या आधीपेक्षा वाईट वाटतं. शिवाय गंमत अशी की हवा आत येतेय हे नाकाला कळतं ते गारव्यावरून. आतलं अस्तर सुजलेलं, बधिर असेल तर हवा जात असूनही बंदच वाटतं. मी नाकाखाली आरसा धरून बघितला, दोन्ही बाजूंनी वाफ धरत होती. तरी पटलं नाही.

तेविसाव्या दिवशी सकाळी बाटली दाबली आणि डावीकडून एक खपली निघाली. खपली म्हणजे काय सांगू, अंगठ्याच्या नखाएवढी, वाकलेली, जणू नाकाच्या आतला साचाच. तिच्यामागून हवा आली ती आजतागायत चालू आहे. मी ती टिश्यूवर ठेवून नवऱ्याला दाखवायला नेली. त्याने बघायला नकार दिला. नंतर महिनाभर छोट्या खपल्या येत राहिल्या. बोटाने काढायचा मोह होतो, नका करू, खाली लगेच रक्त येतं. पाणी मऊ करून आणतं. पाचपैकी दोनाचे त्या दिवशी चार झाले. तेव्हा हे श्रेय मी ऑपरेशनपेक्षा बाटलीलाच जास्त दिलं, हे कबूल करते.

बाकीचं भराभर. शिंक आली तर तोंड उघडून मोकळी सोडायची, दाबायची नाही. शिंकरणं दोन आठवडे बंद. वाकून जड उचलणं आणि व्यायाम मला तीन आठवडे बंद होता. वरचे पुढचे दोन दात आणि त्यामागची टाळू जवळपास दहा आठवडे बधिर होती, जणू दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आल्यासारखी. तिथली नस पडद्याच्या कडेनेच टाळूत उतरते, ती दुखावते आणि सावकाश जागी होते. वास तीन आठवडे नव्हता. पहिला परतलेला वास ओल्या टॉवेलचा होता, त्यामुळे फार भावुक व्हायला वाव मिळाला नाही. घोरणं कमी झालं, गेलं नाही. ही साक्ष नवऱ्याची.

एक गोष्ट मात्र भराभर नको. दुखणं रोज कमी व्हायला हवं. ते अचानक वाढलं, ठणकायला लागलं, दोन्ही बाजू एकदम गच्च झाल्या, ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. पडद्याच्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिला पोषण मिळतं ते वरच्या अस्तरातून. मध्ये रक्त साठलं की ती उपाशी मरते आणि नाक मधेच खचतं. पुढे वाकून पंधरा-वीस मिनिटं मऊ भाग चिमटीत धरूनही रक्त थांबत नसेल, तरीही तसंच निघायचं.

तिसऱ्या महिन्यात मला पुन्हा वाटलं की डावी बाजू बंद पडली. चार दिवस वही ठेवली. सकाळी उजवी मोकळी, दुपारी डावी, रात्री परत उजवी. वही घेऊन गेले. डॉक्टर वही बघून म्हणाले, हे तर नाकाचं चक्र, बहुतेक माणसांचं चालतं, काही तासांनी टर्बिनेट आळीपाळीने फुगतात आणि ओसरतात. रिचर्ड कायसर या डॉक्टरने १८९५ मध्ये ते मांडून ठेवलंय. म्हणजे वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा माणसासारखं नाक मिळालं होतं आणि मी त्याची तक्रार घेऊन गेले होते.

तर परत बाटली. चीर दिसल्या दिवशी कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा गोड बोलत होता, आणि गोड बोलून काही देत नव्हता. मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड, बाटलीबरोबर शंभर पुड्या गळ्यात मारता आणि बाटली सहा महिन्यांत फुटते? तो म्हणाला, “मॅडम, खोक्याच्या तळाला वाचा.” वाचलं. बारीक अक्षरात: दर तीन महिन्यांनी बाटली बदलावी, उकळतं पाणी ओतू नये. मी सहा महिने रोज सकाळी, निर्जंतुक व्हावी म्हणून, किटलीतलं उकळतं पाणी थेट तिच्यात ओतत होते. मग फोन ठेवला.

काल शेवटच्या तपासणीला गेले होते. पडदा सरळ, अस्तर छान, नाक रोज धुवायची आता गरज नाही, सर्दी झाली तर धुवा, असं सांगितलं. मी येताना नवीन बाटली घेऊन आले. कपाटात एकसष्ट पुड्या आहेत आणि त्यांची मुदत पुढच्या वर्षापर्यंतच आहे.